माउंट रेनियरच्या हिमनद्या आणि भूरूपांच्या नकाशासाठी क्यूजीआयएस: एक परीक्षण

शहरातले रस्ते, जमिनीचे गट किंवा धरणाचे लाभक्षेत्र यांचे नकाशे करायचे असतील तर आज उपलब्ध असलेले जवळपास कोणतेही जीआयएस (भौगोलिक माहिती साठवून तिचे नकाशे करणारे) सॉफ्टवेअर पुरते, कारण तिथे जे दाखवायचे असते त्याच्या सीमा कोणीतरी आधीच ठरवून दिलेल्या असतात. बर्फाने झाकलेल्या ज्वालामुखीवर तसे नसते. तिथे उतार तीव्र असतो, पृष्ठभागाची उंची वर्षागणिक बदलत राहते, एकाच दरीत लाव्हा, हिमोढ (हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीच्या राशी), दरडीचा मलबा आणि वाहती हिमनदी एकमेकांवर पसरलेली असतात, आणि हिमनदीचे खालचे टोक अनेकदा दगडगोट्यांखाली असे दडलेले असते की बर्फ कुठे संपला हे ठरवणे हेच मुख्य काम होऊन बसते. क्यूजीआयएस या मुक्त सॉफ्टवेअरचा खरा कस अशाच ठिकाणी लागेल असे वाटल्यामुळे मी ते अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट रेनियरवर वापरून पाहिले.

४,३९२ मीटर उंचीचा हा ज्वालामुखी सिॲटल शहरापासून सुमारे ९५ किलोमीटरवर, आग्नेयेच्या बाजूला आहे. अमेरिकेच्या सलग ४८ राज्यांत इतका बर्फ दुसऱ्या कोणत्याही एका पर्वतावर नाही. १८९९ मध्ये या परिसराला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, आणि इथल्या हिमनद्यांच्या नोंदी तर त्याही आधीपासून ठेवल्या गेल्या आहेत. त्यामुळे शंभर वर्षांहून अधिक काळाचे नकाशे, हवाई छायाचित्रे, उपग्रहचित्रे आणि लायडार (लेसर किरणांनी जमिनीची उंची मोजणारे) सर्वेक्षण हे सारे एकाच डोंगराबद्दल, आणि तेही विनामूल्य, मिळते. हिमालयातल्या बहुतेक शिखरांबद्दल हे म्हणता येत नाही. महाराष्ट्रातल्या भूगोलाच्या विद्यार्थ्याने हिमगव्हर, शुककूट, लोंबती दरी ही भूरूपे बहुधा पाठ्यपुस्तकातल्या रेखाचित्रांतच पाहिलेली असतात. ती स्वतः ओळखून, आपल्या हाताने आखून शिकायची असतील तर घरबसल्या सरावासाठी रेनियरइतकी चांगली जागा मला माहीत नाही.

गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये क्यूजीआयएसचे काम सुरू केले, १.० ही आवृत्ती २००९ मध्ये आली आणि ३.० ही २०१८ मध्ये. ते विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर चालते. परवान्याला पैसे पडत नाहीत, आणि फुकट आहे म्हणून काही साधने बंद ठेवली आहेत असेही नाही. नव्या आवृत्त्या वर्षातून अनेकदा येत असल्या तरी एखादे काम महिनोन्महिने चालणार असेल तर दीर्घकालीन आधार असलेली आवृत्तीच घ्यावी, कारण मध्येच साधनांच्या जागा आणि नावे बदलली की लक्ष विचलित होते. माझे मत आधीच सांगून ठेवतो: या कामासाठी क्यूजीआयएस नुसते पुरेसे नाही, तर चांगले आहे. मात्र ते वापरणाऱ्याच्या हाती तितकीच मोठी जबाबदारीही देते. दिसलेली सीमा आणि अंदाजाने ठरवलेली सीमा या दोन्ही रेषा पडद्यावर सारख्याच ठाम उमटतात. त्यांतला फरक नोंदवायची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण ती वापरायची की नाही हे आपल्यावर आहे.

पहिला प्रश्न आकाराचा येतो. रेनियरचे लायडार सर्वेक्षण २००७ आणि २००८ मध्ये झाले आणि त्यातून एक मीटरच्या जाळीचे उंचीचे प्रतिमान तयार होते. राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे ९५६ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे एक मीटरची चौकट धरली तर ९५ कोटींहून अधिक चौकटी होतात, आणि प्रत्येकीला चार बाइट लागतात असे मानले तर नुसत्या उंचीची फाइल, दाबून लहान न करता, ३.८ जीबीच्या आसपास जाते. उतार, दिशा, छायांकन (एका बाजूने प्रकाश पाडल्यासारखे उंचसखलपणाचे चित्र) हे सगळे वेगवेगळे साठवायला गेलो तर प्रत्येक वेळी तेवढीच जागा आणखी जाते. क्यूजीआयएसमध्ये यावर दोन उत्तम तोडगे आहेत. अनेक तुकड्यांत उतरवलेले प्रतिमान 'व्हर्च्युअल रास्टर' (रास्टर म्हणजे चौकटींच्या जाळीत साठवलेली माहिती) करून जोडता येते. ती केवळ तुकड्यांचा पत्ता सांगणारी छोटीशी फाइल असते, त्यामुळे डिस्कवर नवे ओझे पडत नाही. दुसरे म्हणजे छायांकन हा स्तराच्या रूपाचाच एक प्रकार म्हणून निवडता येतो. सॉफ्टवेअर ते पडद्यावर दिसणाऱ्या भागापुरते त्या क्षणी काढते आणि वेगळी फाइल लागतच नाही. सोबत 'पिरॅमिड' बांधून घेतले, म्हणजे दुरून पाहण्यासाठी कमी तपशिलाच्या प्रती आधीच करून ठेवल्या, तर साध्या लॅपटॉपवरही संपूर्ण डोंगर विनातक्रार इकडून तिकडे सरकवता येतो.

प्रक्षेपणाच्या बाबतीत नवख्या माणसाला सावध करणे आवश्यक आहे. अनेक मुक्त उंची-प्रतिमाने अक्षांश-रेखांशात येतात, म्हणजे आडवे अंतर अंशांत आणि उंची मीटरमध्ये. अशा स्तरावर थेट उताराचे साधन चालवले तर निकाल म्हणून प्रत्येक जागी जवळजवळ उभा कडा दिसतो. यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपण-पद्धतीत रेनियर दहाव्या उत्तर विभागात येतो. तिथे रूपांतर करून घेतले की उतार योग्य येतो. क्षेत्रफळाचेही असेच आहे. फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये डॉलरचे चिन्ह लावून काढलेले क्षेत्रफळ प्रकल्पात निवडलेल्या लंबवर्तुळाभावर, म्हणजे पृथ्वीच्या किंचित चपट्या गोल आकारावर, मोजले जाते, तर तेच साध्या भूमिती-सूत्राने काढले तर सपाट प्रक्षेपणावर मोजले जाते, आणि दोन्ही आकडे थोडे वेगळे येतात. दोन्हींपैकी कोणताही वापरावा, पण १९१३ च्या जुन्या नकाशावरची हिमनदी एका रीतीने आणि आजची दुसऱ्या रीतीने मोजू नये.

छायांकनाचे साधन या सॉफ्टवेअरमधले मला सर्वांत आवडलेले साधन आहे. त्यात प्रकाश मुळात वायव्येकडून, म्हणजे ३१५ अंशांवरून, आणि क्षितिजापासून ४५ अंश उंचीवरून येतो असे धरलेले असते. एमन्स हिमनदी ईशान्येकडे उतरते, म्हणजे प्रकाशाला आडवी. त्यामुळे तिच्या दोन्ही काठांचे पार्श्व-हिमोढ पहिल्या नजरेत उठून दिसतात, प्रकाशाकडची बाजू उजळ आणि पलीकडची काळी. कार्बन हिमनदीची दरी मात्र साधारण उत्तर-वायव्येकडे जाते. तिथले हिमोढाचे कंगोरे प्रकाशाच्या दिशेलाच समांतर असल्याने त्यांच्या दोन्ही उतारांवर सारखाच उजेड पडतो आणि जमिनीवर ठळक असलेला कंगोरा चित्रात पार विरघळून जातो. प्रकाशाचा कोन ईशान्येकडे फिरवला की तोच कंगोरा परत उभा राहतो. 'बहुदिशीय' असा एक पर्यायही आहे, ज्यात अनेक बाजूंच्या प्रकाशाचे मिश्रण होते. त्यात काही नाहीसे होत नाही, पण काहीच फारसे उठूनही दिसत नाही. म्हणून मी एकाच प्रतिमानाचे दोन स्तर ठेवतो, एक वायव्येच्या आणि एक ईशान्येच्या प्रकाशाचा, वर उताराचा स्तर 'मल्टिप्लाय' मिश्रणाने टाकतो, आणि कोणतीही कंगोऱ्याची रेषा दोन्ही प्रकाशांत पाहिल्याशिवाय पक्की करत नाही. यात वेळ जातो, पण छायांकनावरून भूरूपे आखताना सर्वाधिक फसगत याच ठिकाणी होते.

कंगोरा आणि पठार वेगळे ओळखण्यासाठी ३.२६ या आवृत्तीपासून सॉफ्टवेअरमध्येच आलेले उंची-छेदाचे साधन फार उपयोगी पडते. हिमोढाचा छेद काढला की माथा अरुंद आणि धारदार दिसतो, आणि हिमनदीकडची बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा उभी असते, कारण आतला आधार बर्फ वितळल्यावर निघून गेलेला असतो. रेनियरच्या रॅम्पार्ट रिज किंवा बरोज माउंटन या कण्यांवर हाच छेद काढला तर रुंद, जवळजवळ सपाट माथा आणि दोन्ही बाजूंना ताठ कडे दिसतात. ही हिमनदीने आणून टाकलेली रास नव्हे, हा लाव्हा आहे, आणि तो दरीत न वाहता उंच कण्यावर का बसला याचे उत्तर रेनियरच्या बाबतीत अतिशय सुंदर आहे. लाव्हा बाहेर पडला तेव्हा दऱ्या शेकडो मीटर जाडीच्या बर्फाने भरलेल्या होत्या. दरीत उतरायला वाटच नसल्यामुळे तो दोन हिमनद्यांमधल्या कण्यावरून वाहिला, कडेच्या बर्फाला टेकून थिजला, आणि पुढे बर्फ ओसरल्यावर उंच भिंतीसारखा तसाच राहिला. १९९८ मध्ये लेसिन्स्की आणि सिसन या भूवैज्ञानिकांनी ही कारणमीमांसा मांडली. सह्याद्रीतल्या सपाट माथ्यांची सवय असलेल्या माणसाने इथे जपून राहावे. छेदाची आकृती दोन्हीकडे सारखी दिसली तरी आपल्याकडे आडवे थर झिजून माथे उरले आहेत आणि तिथे लाव्ह्याला बर्फाने वरच अडवून ठेवले आहे.

भूरूपांचा नकाशा बर्फाच्या सीमेशी थांबवला तर रेनियरची निम्मी गोष्ट राहून जाते. सुमारे ५,६०० वर्षांपूर्वी माथ्याचा मोठा भाग कोसळून ऑसिओला नावाने ओळखला जाणारा लाहार, म्हणजे चिखल आणि दगडांचा महापूर, ईशान्येच्या दऱ्यांतून थेट प्यूजेट साउंड या समुद्राच्या खाडीच्या सखल प्रदेशापर्यंत गेला. सुमारे ५०० वर्षांपूर्वीचा इलेक्ट्रॉन लाहार प्यूअलप नदीच्या दरीतून उतरला, आणि आजचे ऑर्टिंग गाव त्याच्याच गाळावर वसलेले आहे. या ठेवी छायांकनात फार ठळक दिसत नाहीत. दरीचा तळ अनपेक्षितपणे सपाट, मध्येच लहान लहान उंचवटे आणि कडेला नदीने नंतर कापलेली पायरी एवढ्याच खुणा असतात. त्यासाठी उताराचा स्तर शून्य ते पाच अंशांपुरता ताणून पाहावा लागतो. क्यूजीआयएसमध्ये रंगपट्टीची मर्यादा पडद्यावर दिसणाऱ्या भागानुसार आपोआप बदलून घेता येते, आणि डोंगराच्या तीव्र उतारांवरून सखल भागात येताच रंग नव्याने पसरतात. हा तपशील छोटा आहे, पण त्याच्यामुळेच मला ऑर्टिंगच्या वरच्या अंगाची नदीची पायरी दिसली.

रेषा आखण्याचे मूळ काम सुखावह आहे. शेजारच्या दोन बहुभुजांची सामाईक सीमा एकदाच आखून दोघांना लागू करता येते, एकमेकांवर चढणारे भाग आपोआप टाळता येतात, आणि आधी काढलेल्या सीमेचा एखादाच तुकडा 'रीशेप' साधनाने नव्याने ओढता येतो. विंथ्रॉप आणि एमन्स या दोन हिमनद्या वरच्या भागात एकमेकींना लागून आहेत आणि स्टीमबोट प्राउ या खडकाच्या सुळक्यापाशी वेगळ्या होतात. अशा ठिकाणी सामाईक सीमा दोनदा आखली तर मधे फटी आणि दुहेरी पट्ट्या उरतात आणि क्षेत्रफळाची बेरीज चुकते. टोपोलॉजिकल संपादन सुरू ठेवले तर ही अडचण येतच नाही.

मराठीत माहिती भरू इच्छिणाऱ्यांसाठी एक सूचना. शेपफाइल हे जुने स्वरूप अजून सर्वत्र चालते, परंतु त्यात स्तंभाच्या नावाला फक्त दहा बाइट मिळतात, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे मराठी नावाची जेमतेम तीन चिन्हे बसतात. 'हिमनदी' हा शब्दसुद्धा मावत नाही. जिओपॅकेज या स्वरूपात ही मर्यादा नाही. क्यूजीआयएस नवा स्तर तयार करताना तेच सुचवते आणि ते स्वीकारावे. माझ्या स्तरात प्रत्येक सीमेच्या तुकड्याला 'पुरावा', 'तारीख' आणि 'खात्री' असे तीन स्तंभ आहेत, आणि नोंद निवडक पर्यायांतूनच करता यावी म्हणून अर्जात यादी लावून ठेवली आहे. हा अर्ज तयार करायला काही मिनिटे लागतात. सॉफ्टवेअरच्या ज्या सोयीमुळे मी त्याची शिफारस करतो ती हीच आहे.

त्या तीन स्तंभांची गरज कुठे भासते हे एमन्सच्या टोकाशी सर्वांत चांगले समजते. स्वच्छ बर्फ शोधणे सोपे आहे. बर्फ हिरवा प्रकाश भरपूर परावर्तित करतो आणि लघुतरंग अवरक्त शोषून घेतो, म्हणून उपग्रहचित्राच्या या दोन पट्ट्यांतला फरक भागिले त्यांची बेरीज असे गणित रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये केले की हिम-निर्देशांक मिळतो, आणि ०.४ च्या वरचे मूल्य साधारणपणे बर्फ किंवा हिम समजले जाते. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रांत यासाठी तिसरी आणि अकरावी पट्टी लागते. चित्र ऑगस्टच्या अखेरचे किंवा सप्टेंबरचे निवडावे लागते, नाहीतर हंगामी हिमही हिमनदीत मोजले जाते. याच डोंगरावरच्या पॅराडाइझ येथे १९७१-७२ च्या हंगामात २८ मीटरहून अधिक हिम पडले होते, यावरून हा धोका किती मोठा आहे याची कल्पना येईल. आणि सप्टेंबरमध्ये सूर्य खाली गेलेला असल्याने कार्बन हिमनदीच्या डोक्यावरच्या विलिस वॉल या प्रचंड कड्याची सावली बर्फावर पडते, तिथे निर्देशांकावर भरवसा ठेवता येत नाही.

एमन्सवर निर्देशांक एका ठिकाणी साफ थांबतो, आणि नवखा माणूस तिथेच हिमनदी संपली असे समजतो. डिसेंबर १९६३ मध्ये लिटल टहोमा या शेजारच्या शिखरावरून सुमारे १.१ कोटी घनमीटर खडक कोसळून या हिमनदीवर पसरला, आणि त्याचा काही भाग व्हाइट नदीच्या दरीत कित्येक किलोमीटर खाली गेला. त्या मलब्याखाली बर्फ शिल्लक आहे. दगडांचा थर दोन-चार सेंटिमीटरहून पातळ असेल तर तो ऊन शोषून बर्फ लवकर वितळवतो, परंतु जाड थर, लाकडाच्या भुशात ठेवलेल्या बर्फाच्या लादीसारखा, बर्फाला उष्णतेपासून वाचवतो. म्हणून या हिमनदीचे टोक इतरांपेक्षा स्थिर राहिले. लायडारच्या छायांकनात हा भाग खडबडीत, उंचसखल, मधूनमधून गोल खळगे असलेला दिसतो; ते खळगे खालचा बर्फ असमान वितळल्याने झालेले असतात. त्याच्या पुढे नदीने धुऊन पसरलेल्या गाळाचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि एकमेकांत गुंतलेल्या उथळ प्रवाहांच्या खुणांचा आहे. दोन पोतांमधली रेषा हीच टोकाची सर्वांत संभाव्य जागा, पण दोहोंमध्ये काही मीटर ते काही दहा मीटर रुंदीचा एक पट्टा असा उरतो की ज्याच्याखाली बर्फ आहे की केवळ जुना मलबा, हे एका वेळच्या प्रतिमानावरून सांगता येत नाही. दोन वेगळ्या वर्षांची प्रतिमाने असतील तर जो भाग खाली बसला किंवा पुढे सरकला तिथे बर्फ आहे असे म्हणता येते. एकच प्रतिमान असेल तर रेषा आखावी, आणि 'खात्री'च्या स्तंभात 'कमी' असे लिहावे.

जुने नकाशे आजच्या नकाशावर योग्य जागी बसवण्यासाठी 'जिओरेफरन्सर' आहे. फ्रांस्वा मात्तेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१० ते १९१३ दरम्यान सर्वेक्षण केलेला उद्यानाचा नकाशा अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या जुन्या नकाशांच्या संग्रहातून उतरवता येतो. त्या काळी डोंगराळ प्रदेशात सपाट फळा आणि दुर्बीण घेऊन केलेले हे काम आजही थक्क करते. नियंत्रण बिंदू, म्हणजे दोन्ही नकाशांवर ओळखता येणाऱ्या जागा, म्हणून शिखरे आणि नद्यांचे संगम घ्यावेत. हिमनदीच्या काठावरचा बिंदू घेणे चुकीचे, कारण ज्याचा बदल मोजायचा तोच स्थिर मानल्यासारखे होते. सॉफ्टवेअर प्रत्येक बिंदूची उरलेली त्रुटी तक्त्यात दाखवते. 'थिन प्लेट स्प्लाइन' निवडले की ही त्रुटी शून्य दिसते, कारण ते रूपांतर नकाशा ताणून प्रत्येक बिंदूवर बसवतेच, आणि दोन बिंदूंच्या मधे काय झाले हे झाकून टाकते. पहिल्या किंवा दुसऱ्या घाताचे बहुपद घ्यावे, त्रुटी मोठी दिसू द्यावी आणि ती आकड्यानिशी नोंदवावी. अशा जुन्या-नव्या सीमांची तुलना करूनच १८९६ ते २०२१ या काळात रेनियरवरचे हिमनद्यांचे क्षेत्र सुमारे ४२ टक्क्यांनी घटले असे उद्यानाच्या अभ्यासकांनी दाखवले, आणि स्टीव्हन्स हिमनदीचे नाव त्यांना यादीतून काढावे लागले.

क्षेत्राहून आकारमानाचे गणित अवघड आहे आणि क्यूजीआयएसची खरी परीक्षा तिथे होते. दोन वेळची उंची-प्रतिमाने एकमेकांतून वजा करणे हे रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये एका ओळीचे काम. एक मीटरची चौकट असेल तर हिमनदीच्या सीमेतल्या सगळ्या फरकांची बेरीज हीच थेट घनमीटर होते, आणि 'झोनल स्टॅटिस्टिक्स' ती प्रत्येक हिमनदीसाठी एका फटक्यात देते. पण दोन्ही जाळ्यांच्या चौकटी एकमेकींवर नेमक्या बसल्या नसतील तर कॅल्क्युलेटर निमूटपणे जवळची चौकट उचलतो. म्हणून आधी 'अलाइन रास्टर्स' चालवणे भाग आहे. तरीही एक प्रतिमान दुसऱ्याच्या तुलनेत काही मीटर सरकलेले असू शकते. त्याची खूण म्हणजे बर्फ नसलेल्या कड्यांवरही एका दिशेच्या उतारांवर वाढ आणि विरुद्ध दिशेच्या उतारांवर घट दिसते, आणि ती उतार वाढेल तशी वाढते. क्यूजीआयएस हे स्वतःहून दुरुस्त करत नाही किंवा सुचवतही नाही. खडकाळ, बर्फविरहित जागा वेगळ्या काढून, तिथला फरक उतार आणि दिशेनुसार तपासून, प्रतिमान हलवून, पुन्हा तपासणे हे सगळे प्रोसेसिंगच्या साधनांनी करता येते, पण क्रम आपल्याला माहीत हवा.

उभ्या मापाचा संदर्भही आपणच सांभाळायचा असतो. १९७० च्या सुमाराचे नकाशे जुन्या, १९२९ च्या समुद्रसपाटी-संदर्भावर आहेत आणि लायडार १९८८ च्या. या भागात दोन्हींत मीटरभराहून अधिक अंतर पडते. एक मीटरची चूक किरकोळ वाटेल, परंतु ७५ चौरस किलोमीटर बर्फावर पसरली की ती साडेसात कोटी घनमीटर होते. सिसन, रॉबिन्सन आणि स्विनी यांनी १९७०-७१ चे नकाशे आणि लायडार यांची तुलना करून २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात संपूर्ण डोंगराने सुमारे १४ टक्के बर्फ गमावल्याचे दाखवले, आणि एमन्स व विंथ्रॉप या दोन मोठ्या, मलब्याने झाकलेल्या हिमनद्या सोडून बाकी सर्वांचे खालचे भाग पातळ झाल्याचे नोंदवले. तो फरक मी माझ्या तुलनेत पुन्हा पाहू शकलो: निस्क्वाली हिमनदीच्या खालच्या भागात घटीचा सलग गडद पट्टा, आणि एमन्सच्या मलब्याखाली जवळपास रंगहीन भाग. घरच्या संगणकावर, एक रुपयाही न देता, प्रसिद्ध संशोधनाचा मुख्य निष्कर्ष तपासून पाहता येतो ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

उणिवाही स्पष्ट सांगतो. हवाई छायाचित्रांच्या जोड्या त्रिमितीत पाहत थेट रेषा आखण्याची सोय मूळ सॉफ्टवेअरमध्ये नाही, आणि मलब्याखालच्या हिमनद्यांसाठी अनुभवी नकाशाकार आजही तीच पद्धत पसंत करतात. त्रिमिती दृश्य दाखवण्यापुरते चांगले आहे, पण एक मीटरच्या जाळीवर ते जड होते. मी त्यासाठी दहा मीटरची वेगळी प्रत ठेवतो. लायडारचे मूळ बिंदू उघडण्याची सोय ३.१८ पासून आहे आणि टोकापाशी एखादा मोठा खडक की बर्फाची पायरी हे ठरवायला ती उपयोगी पडते. दिवसभर केलेले संपादन वारंवार साठवण्याची सवय मात्र स्वतःच लावून घ्यावी लागते. मदतीची कागदपत्रे विस्तृत आहेत, तरी त्यांतली बरीचशी उदाहरणे सपाट, वस्तीच्या प्रदेशाची आहेत.

छपाईसाठीचा 'लेआउट' विभाग समाधानकारक आहे. 'खात्री' स्तंभावर नियम लावून खात्रीची सीमा अखंड, मध्यम खात्रीची तुटक आणि कमी खात्रीची ठिपक्यांची अशी आपोआप वेगळी काढता येते, आणि सूचीत ते तिन्ही प्रकार येतात. देवनागरी लेबले योग्य टंक निवडल्यावर नीट जोडाक्षरांसह दिसतात. पीडीएफ काढताना अक्षरे आकृतीच्या रूपात निर्यात करण्याचा पर्याय ठेवला तर दुसऱ्याच्या संगणकावर तो टंक नसला तरी बिघाड होत नाही. ज्यांना फक्त डोंगर फिरवून पाहायचा आहे किंवा दोन वर्षांची चित्रे शेजारी ठेवून तुलना करायची आहे त्यांना गूगल अर्थ प्रो पुरेल आणि शिकायलाही सोपे जाईल. ज्यांना स्वतः सीमा आखायची, मोजायची आणि ती का तशी आखली हे दुसऱ्याला दाखवायचे आहे त्यांनी क्यूजीआयएस घ्यावे. १६ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला संगणक असावा, आणि सुरुवात सबंध डोंगरापासून न करता निस्क्वालीसारख्या एकाच हिमनदीपासून करावी. एमन्स दुसऱ्या टप्प्यात घ्यावी.